पाच ऑक्टोबरचा दहा मे कसा झाला?

एका चुकीची गोष्ट तुम्हांला सांगणार आहे. चूक माझीच आहे. ती कशी सापडली आणि कशी निस्तरली, हे समजून घेतले तर प्रयोगशाळेत, गणिताच्या वहीत आणि संगणकावर दोष शोधण्याची एक चांगली रीत तुमच्या हाती येईल.

आमच्या महाविद्यालयाचा भौतिकशास्त्र विभाग आसपासच्या शाळांतील मुलांसाठी दर वर्षी एक विज्ञान चाचणी घेतो. डिसेंबर २०२४ च्या चाचणीत दोन गट होते. १ जून २०१० रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांचा लहान गट आणि त्याआधी जन्मलेल्यांचा मोठा गट. दोन्ही गटांच्या प्रश्नपत्रिका निराळ्या, बक्षिसेही निराळी. तोवर आम्ही नावनोंदणी कागदावर करीत होतो. त्या वर्षी मी आणि बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातील माझ्या एका विद्यार्थिनीने मिळून इंटरनेटवर भरायचा अर्ज तयार केला. प्रोग्रॅम पायथन या भाषेत लिहिला. ही भाषा १९९१ पासून लोकांच्या वापरात आहे आणि आता अनेक शाळांतूनही शिकवली जाते. अर्ज भरला की माहिती डेटाबेसमध्ये, म्हणजे संगणकातील नोंदवहीत जाई. त्या नोंदवहीवरून प्रोग्रॅम प्रत्येकाचा गट ठरवी आणि प्रवेशपत्र छापी.

चाचणीला आठ दिवस उरले असताना एका शाळेतील बाईंचा दूरध्वनी आला. “सर, आमच्या मुलीचा जन्म ५ ऑक्टोबर २०१० चा आहे. तुमच्या प्रवेशपत्रावर १० मे २०१० छापलंय, आणि तिला मोठ्या गटात घातलंय. नववीतली मुलगी अकरावीच्या मुलांबरोबर कशी बसेल?”

माझ्या मनात पहिला विचार आला तो असा : मुलीनेच तारीख चुकीची भरली असेल. हा विचार सोयीचा होता, कारण तो खरा असता तर मला काहीच करावे लागले नसते. पण सोयीचे अनुमान आणि सिद्ध झालेले अनुमान यांत फरक आहे, हे मी वर्गात दर वर्षी सांगतो. तेव्हा आधी प्रयोग करून पाहायचे ठरवले.

चूक पुन्हा घडवून आणा

दोष शोधण्याची पहिली पायरी म्हणजे तो दोष आपल्या डोळ्यांसमोर पुन्हा घडवणे. आम्ही प्रोग्रॅमची आणि नोंदवहीची वेगळी प्रत काढली. खऱ्या नोंदवहीवर प्रयोग करणे योग्य नव्हे. मग त्या प्रतीत एक काल्पनिक नाव घालून जन्मतारखेच्या रकान्यात ०५/१०/२०१० असे लिहिले आणि प्रवेशपत्र काढले. त्यावर छापून आले, १० मे २०१०.

मुलीची चूक नव्हती. चूक आमच्या प्रोग्रॅममध्ये होती.

लगेच दुसरा प्रश्न उभा राहिला. प्रोग्रॅम खुला करण्यापूर्वी आम्ही तो तपासला होता. त्या वेळी १५/०८ आणि २६/०१ अशा दोन तारखा घातल्या होत्या, आणि दोन्ही अगदी बरोबर छापल्या गेल्या होत्या. मग तोच प्रोग्रॅम एका तारखेला खरा आणि दुसरीला खोटा कसा? हा प्रश्न इथेच बाजूला ठेवा आणि पुढचे वाचण्यापूर्वी थोडा विचार करा. उत्तर त्या तारखांमध्येच दडले आहे.

एक धागा : सहा जानेवारी

आम्ही नोंदवही वरपासून खालपर्यंत वाचू लागलो. मुलांबरोबर येणाऱ्या शिक्षकांचा एक दिवसाचा अपघात विमा उतरवायचा होता, म्हणून त्यांच्याही जन्मतारखा तशाच अर्जातून घेतल्या होत्या. शिक्षकांची यादी पाहता पाहता माझी विद्यार्थिनी थांबली आणि म्हणाली, “सर, इतक्या शिक्षकांचा वाढदिवस सहा जानेवारीलाच कसा?”

यादीत अशी आठ नावे होती. तुमच्या घरी आजी-आजोबांना किंवा शाळेतील ज्येष्ठ शिक्षकांना विचारून पाहा. त्यांच्यापैकी अनेकांच्या दाखल्यावर १ जून ही जन्मतारीख असते. पूर्वी खेडोपाडी जन्माची नोंद नसे. जूनमध्ये शाळा उघडली की पहिलीत नाव घालताना मुख्याध्यापक वयाचा अंदाज घेत आणि १ जून लिहून टाकीत. तेव्हा आमच्या यादीत १ जूनची गर्दी असायला हवी होती. ती सारी गर्दी ६ जानेवारीला जाऊन बसली होती.

१ जून म्हणजे ०१/०६. हेच अंक ‘आधी महिना, मग दिवस’ असे वाचले तर पहिला महिना, सहावा दिवस, म्हणजे ६ जानेवारी! त्याच रीतीने ०५/१० चे होतात पाचवा महिना, दहावा दिवस, म्हणजे १० मे. कोठेतरी दिवस आणि महिना यांची अदलाबदल होत होती, हे आता कळले. पण कोठे?

मधोमध मोजा

समजा, विजेरीचे सोळा छोटे दिवे एकसर जोडणीत लावले आहेत आणि त्यांना पुरेसे सेल जोडले आहेत. एका दिव्याची तार तुटली की सारी माळ विझते. तुटलेला दिवा कसा शोधाल? एकेक दिवा काढून पाहिला तर पंधरा वेळा खटाटोप करावा लागेल. त्याऐवजी व्होल्टमापकाचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला ठेवा आणि दुसरे माळेच्या बरोबर मध्यावर लावा. तुटलेल्या जागेच्या धन बाजूला सर्वत्र पूर्ण दाब दिसतो, ऋण बाजूला सर्वत्र शून्य. म्हणजे एका मोजणीत सोळापैकी आठ दिवे निर्दोष ठरले. उरलेल्या आठांच्या मध्यावर पुन्हा मोजा, चार उरले. मग दोन, मग एक. चार मोजण्यांत काम संपले. (हा प्रयोग सेलवरच करायचा, घरातील विजेच्या माळेवर मुळीच नाही.)

अर्जातील माहितीचा प्रवासही असाच एकामागून एक येणाऱ्या स्थानकांतून होतो. आमच्या अर्जातील तारखेची आठ स्थानके आम्ही फळ्यावर मांडली :

१. विद्यार्थ्याने रकान्यात लिहिलेला मजकूर
२. ब्राउझरने पाठवलेला मजकूर
३. आमच्या पायथन प्रोग्रॅमला मिळालेला मजकूर
४. त्या मजकुरापासून प्रोग्रॅमने बनवलेली तारीख
५. डेटाबेसकडे सोपवलेली तारीख
६. डेटाबेसमध्ये साठलेली तारीख
७. गट ठरवण्यासाठी पुन्हा वाचलेली तारीख
८. प्रवेशपत्रावर छापलेली तारीख

पहिल्या स्थानकावर ५ ऑक्टोबर, आठव्यावर १० मे. मधल्या सात टप्प्यांपैकी एकात गफलत होती.

मोजण्यासाठी आमच्याजवळ व्होल्टमापकाऐवजी पायथनमधील ‘प्रिंट’ ही साधी आज्ञा होती. हव्या त्या ठिकाणी ही आज्ञा घातली की त्या क्षणी प्रोग्रॅमच्या हातात नेमके काय आहे ते पडद्यावर दिसते. तिच्या जोडीला ‘रेप्र’ वापरले तर आणखी चांगले. मग मजकूर अवतरणचिन्हांत दिसतो, आणि पुढेमागे चुकून राहिलेली मोकळी जागाही लपत नाही.

पहिली मोजणी पाचव्या स्थानकावर केली. तिथे १० मे. म्हणजे सहा, सात, आठ यांच्याकडे पाहण्याचे कारण उरले नाही. नोंदवही निर्दोष होती. तिला जे दिले गेले ते तिने इमानाने ठेवले होते. दुसरी मोजणी तिसऱ्या स्थानकावर. तिथे ‘०५/१०/२०१०’ असाच मूळ मजकूर. म्हणजे विद्यार्थी, ब्राउझर आणि मधले सारे जाळे निर्दोष. तिसरी मोजणी चौथ्या स्थानकावर. तिथे १० मे!

तीन मोजण्यांत दोष कोपऱ्यात सापडला. शेवटची बरोबर जागा तिसरी, पहिली चुकीची जागा चौथी. तेव्हा दोष त्या दोघांच्या मध्ये, मजकुराची तारीख बनवणाऱ्या एका ओळीत. आमच्या प्रोग्रॅमच्या दोनशे ओळी होत्या. त्यांतील एकशे नव्व्याण्णव ओळी आम्हांला वाचाव्यासुद्धा लागल्या नाहीत.

हुशार मदतनीस

ती ओळ काय करीत होती? मजकुरावरून तारीख ओळखण्यासाठी आम्ही ‘डेटयुटिल’ नावाची एक तयार साधनपेटी वापरली होती. तिला कोणत्याही ढंगाने लिहिलेली तारीख द्या, ती अर्थ लावून देते. तिची माहितीपत्रिका मी तेव्हा नीट वाचली नव्हती, ती आता वाचली. आपण वेगळे सांगितले नाही तर ही साधनपेटी अमेरिकेतील वहिवाटीप्रमाणे पहिला अंक महिन्याचा समजते. पण पहिला अंक बारापेक्षा मोठा असेल तर तो महिना असूच शकत नाही. अशा वेळी ती मुकाट्याने अदलाबदल करून पहिला अंक दिवसाचा धरते.

आता मघाच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. १५ ऑगस्ट आणि २६ जानेवारी या तारखांचे दिवस बारापेक्षा मोठे आहेत. त्यामुळे त्या बरोबर वाचल्या गेल्या. दोन्ही राष्ट्रीय दिन घालून पाहिले आणि आम्ही निश्चिंत झालो! त्यांच्याऐवजी २ ऑक्टोबर घातला असता तर १० फेब्रुवारी दिसला असता, १ मे घातला असता तर ५ जानेवारी दिसला असता, आणि चूक पहिल्याच दिवशी पकडली गेली असती. चाचणीसाठी उदाहरण निवडताना जे सहज सुचते ते घेऊ नये. जिथे चूक होणे शक्य आहे ते मुद्दाम शोधून घ्यावे.

तर्क मोजून पाहा

कारण सापडले असे वाटणे आणि ते खरे असणे यांतही अंतर असते. आपला तर्क खरा असेल तर त्यावरून एखादे भाकीत करता आले पाहिजे, आणि ते मोजून पडताळता आले पाहिजे.

वर्षाच्या ३६५ तारखांपैकी किती बिघडतील? दिवसाचा अंक १ ते १२ असलेल्या तारखा प्रत्येक महिन्यात १२, म्हणजे एकूण १२ × १२ = १४४. त्यांपैकी १ जानेवारी, २ फेब्रुवारी, ३ मार्च अशा १२ तारखांत दिवस आणि महिना यांचा अंक सारखाच असतो. त्यांची अदलाबदल झाली तरी काही बिघडत नाही. म्हणून बिघडणाऱ्या तारखा १४४ − १२ = १३२. हे प्रमाण १३२ ÷ ३६५, म्हणजे सुमारे ३६ टक्के.

अर्जातून आलेल्या विद्यार्थ्यांच्या नोंदी ३०२ होत्या. त्यांच्या ३६ टक्के म्हणजे सुमारे १०९. अदलाबदल झालेल्या तारखेतही दिवसाचा अंक बारापर्यंतच असणार, म्हणून अशा नोंदी मोजता येत होत्या. मोजल्या तर निघाल्या १०४. तर्क पुष्कळच जुळला.

मग तक्रार एकच का आली? वर्षाचा आकडा बदलत नव्हता, म्हणून गट चुकण्याची शक्यता फक्त २०१० साली जन्मलेल्यांच्या बाबतीत होती. त्यातही दिवस आणि महिना यांच्या अंकांपैकी एक ५ किंवा त्याहून लहान आणि दुसरा ६ ते १२ यांमधला असेल तरच १ जूनची रेषा ओलांडली जाते. अशा तारखा ५ × ७ × २ = ७०. त्यांपैकी ३५ तारखांची मुले लहान गटातून मोठ्या गटात जातात, आणि ३५ तारखांची मोठ्यातून लहानात.

आमच्या नोंदवहीत गट चुकलेली मुले बारा निघाली. सात जण विनाकारण मोठ्या गटात गेले होते, तर पाच मोठी मुले लहान गटात आली होती. त्या पाचांपैकी कोणी तक्रार केली नव्हती. कदाचित त्यांच्या लक्षात आले नसेल, कदाचित आले असेल. त्या बाईंनी दूरध्वनी केला नसता तर सात मुलांवर अन्याय झाला असता, आणि लहान गटातील सर्वांवर थोडा थोडा झाला असता. तक्रार एक असली तरी चूक एकच असते असे मुळीच नाही.

दुरुस्तीतील खड्डे

प्रोग्रॅम सुधारणे सोपे होते. ओळखत बसणाऱ्या साधनपेटीऐवजी पायथनमधील ‘स्ट्रपटाइम’ ही सोय वापरली. तिला आपण स्पष्ट सांगतो : आधी दिवस, मग तिरकी रेघ, मग महिना, पुन्हा तिरकी रेघ, मग चार अंकी वर्ष. याहून वेगळे काही आले तर ती तर्क लढवीत बसत नाही, सरळ चूक दाखवून थांबते. थांबणारा प्रोग्रॅम त्रासदायक वाटतो खरा. पण मुकाट्याने खोटे लिहिणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा तो फार बरा.

पण नव्या ओळीने जुन्या नोंदी सुधारत नाहीत. त्या वेगळ्या दुरुस्त कराव्या लागल्या. साठलेल्या ज्या तारखांचा दिवस बारा किंवा त्याहून कमी आहे त्यांच्यात उलटी अदलाबदल केली की मूळ तारीख परत मिळते. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात वाटेत दोन खड्डे होते.

पहिला खड्डा असा. एका दूरच्या शाळेने २८ मुलांची यादी कागदावर पाठवली होती आणि ती आम्ही अर्ज न भरता थेट डेटाबेसमध्ये उतरवली होती. त्या तारखा चौथ्या स्थानकातून गेल्याच नव्हत्या. त्या बरोबर होत्या. सरसकट अदलाबदल केली असती तर त्या नव्याने बिघडल्या असत्या. म्हणून कोणती नोंद कोणत्या वाटेने आली हे पाहून या २८ नोंदी वगळल्या.

दुसरा खड्डा अधिक गमतीचा. दुरुस्तीचा छोटा प्रोग्रॅम आम्ही आधी प्रतीवर चालवला आणि पाहतो तर सारे जसेच्या तसे चुकीचे! बराच वेळ काही समजेना. नंतर उलगडा झाला. तो मी एकदा चालवला होता, आणि मी चालवला आहे हे ठाऊक नसल्याने माझ्या विद्यार्थिनीनेही एकदा चालवला होता. आरशातील प्रतिमा दुसऱ्या आरशात पुन्हा पाहिली की डावे-उजवे मूळपदावर येते, तसेच झाले. अदलाबदल दोनदा केली की चूक परत येते. मग आम्ही प्रत्येक नोंदीपुढे ‘दुरुस्त’ अशी खूण करणारा एक रकाना वाढवला, आणि खूण असलेल्या नोंदीला प्रोग्रॅमने हात लावू नये अशी व्यवस्था केली.

यानंतर खऱ्या नोंदवहीची प्रत बाजूला ठेवून दुरुस्ती केली, आणि गट बदललेल्या बारा मुलांच्या शाळांना दूरध्वनी करून प्रत्येकाची जन्मतारीख दाखल्यावरून पडताळून घेतली. पाच जणांना “तुमचा गट मोठा” असे सांगणे जड गेले. तरी ते सांगितले, आणि चूक आमची होती हेही सांगितले.

एककाशिवाय आकडा

‘बग’ म्हणजे किडा. यंत्रातील दोषाला हा शब्द अभियंते फार पूर्वीपासून वापरीत. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्डच्या मार्क-२ या संगणकाच्या एका रिलेत खराखुरा पतंग अडकलेला सापडला, तेव्हा तो नोंदवहीत चिकटवून त्याखाली तशी विनोदी नोंदही केली गेली. तो किडा चिमट्याने काढता आला. आमचा किडा तसा नव्हता. आमच्या यंत्रात काहीच मोडले नव्हते. साधनपेटी तिच्या नियमाने बरोबर चालली होती, मुलीनेही आपल्या वहिवाटीने बरोबर लिहिले होते. दोघांच्या मधला करार मात्र कोणीच केला नव्हता.

भौतिकशास्त्रात या चुकीला आपण चांगले ओळखतो. उत्तर ‘२५’ लिहिले आणि एकक लिहिले नाही, तर गुरुजी गुण कापतात. कोणी म्हणेल, एवढ्याशा गोष्टीसाठी? मंगळाच्या हवामानाचा अभ्यास करण्यासाठी निघालेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे अमेरिकेचे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोहोचताच नष्ट झाले. यानाच्या छोट्या रॉकेटांच्या आवेगाचे आकडे जमिनीवरील एक प्रोग्रॅम पौंड-बल सेकंद या एककात देत होता, आणि पुढचा प्रोग्रॅम ते न्यूटन-सेकंद समजून वापरीत होता. एका पौंड-बलात सुमारे ४.४५ न्यूटन असतात. तेवढ्या पटीच्या चुका साठत गेल्या आणि यान ठरल्यापेक्षा फार खालून मंगळाच्या वातावरणात शिरले. दोन्ही प्रोग्रॅम आपापल्या परीने बरोबर बेरजा करीत होते.

‘०५/१०’ हा एककाशिवायचा आकडा आहे. म्हणूनच १९८८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ‘आयएसओ ८६०१’ आले, आणि त्याने आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असा एकच क्रम ठरवून दिला : २०१०-१०-०५. या क्रमाचा आणखी एक लाभ आहे. अशा तारखा नुसत्या कोशातील शब्दांप्रमाणे लावल्या तरी कालानुक्रमे लागतात. ब्राउझरमध्ये तारखेसाठी जो खास रकाना मिळतो तो पडद्यावर कशीही तारीख दाखवो, प्रोग्रॅमकडे पाठवताना याच क्रमाने पाठवतो. आम्ही तो वापरला असता तर हा लेख लिहिण्याची वेळच आली नसती. लहान फोनवर कॅलेंडर चाळत २०१० पर्यंत मागे जाणे मुलांना अवघड जाईल, असे आम्हांला वाटले होते!

अर्जातून येतो तो मजकूर

या साऱ्यातून एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. साध्या अर्जाच्या रकान्यांतून प्रोग्रॅमला मिळतो तो नुसता मजकूर, म्हणजे चिन्हांची माळ. तारीख, संख्या, होय-नाही हे अर्थ आपण नंतर त्याला देतो, आणि बहुतेक किडे या अर्थ देण्याच्या जागीच असतात.

आमच्याच अर्जात असा आणखी एक सापडला. ‘मुक्काम हवा का?’ या प्रश्नाला ‘होय’ किंवा ‘नाही’ असे उत्तर होते, आणि आमच्या हिशेबात सगळ्यांनाच मुक्काम हवा होता. पायथनला एखाद्या मजकुराचे ‘खरे की खोटे’ करायला सांगितले, तर तो मजकुराचा अर्थ पाहत नाही, मजकूर रिकामा आहे की नाही एवढेच पाहतो. रिकामा तेवढा खोटा, बाकी सारे खरे. ‘नाही’ हा शब्द रिकामा नाही, म्हणून पायथनच्या लेखी ‘नाही’ म्हणजेही होय! योग्य पद्धत म्हणजे मजकूर ‘होय’ या शब्दाशी ताडून पाहणे. पंचवीस गाद्या पुरणार होत्या, तिथे आम्ही तीनशेंची चौकशी करीत होतो.

आता आमच्या अर्जात तीन गोष्टी नव्या आहेत. भरलेली तारीख पाठवण्यापूर्वी ‘५ ऑक्टोबर २०१०, बरोबर आहे ना?’ अशी अक्षरी दाखवली जाते. विद्यार्थ्याने लिहिलेला मूळ मजकूरही वेगळ्या रकान्यात जपला जातो, म्हणजे पुढे शंका आली तर पुरावा हाताशी राहील. आणि प्रोग्रॅममध्ये बदल केला की तो खुला करण्याआधी २ ऑक्टोबर, १ मे आणि २९ फेब्रुवारी या तारखा घालून पाहतो.

करून पाहा

१. चाचणीसाठी ०८/०८/२०१० ही तारीख निवडली असती तर दोष दिसला असता का? का?

२. एका माळेत ६४ दिवे एकसर जोडणीत आहेत आणि त्यांतील एकाची तार तुटली आहे. मधोमध मोजण्याच्या रीतीने किती मोजण्या लागतील? दोन दिवे तुटले असतील तर ही रीत कोठे अडखळेल?

३. विद्यार्थ्याचा क्रमांक ‘००४७’ आहे. प्रोग्रॅमने त्याची संख्या करून साठवली तर काय हरवेल? पिनकोड, दूरध्वनी क्रमांक आणि वय यांपैकी कोणाची संख्या करावी आणि कोणाचा मजकूरच ठेवावा?

४. ‘९’ आणि ‘१०’ हे मजकूर म्हणून चढत्या क्रमाने लावा, मग संख्या म्हणून लावा. क्रम का बदलतो?

५. शाळेच्या संगणकावर पायथन असेल तर ‘इंट’ या आज्ञेला देवनागरी अंकांत लिहिलेला ‘४७’ हा मजकूर द्या. काय होईल याचा अंदाज आधी वहीत लिहा, मगच करून पाहा.

शिक्षकांसाठी एक सूचना : वर्गातील प्रत्येक मुलाची जन्मतारीख अंकांत लिहून घ्या आणि ती महिना-आधी या क्रमाने वाचली तर किती जणांची बदलते ते मोजा. साठ मुलांच्या वर्गात सुमारे बावीस यायला हवीत. कमीजास्त आली तर ती किती कमीजास्त येऊ शकतात, यावर एक तास छान रंगेल.

ती मुलगी चाचणीच्या दिवशी बाईंबरोबर आली होती. लहान गटात बसून तिने पेपर सोडवला. जाताना मी तिला विचारले, “प्रवेशपत्रावरची तारीख चुकलीय हे कसं लक्षात आलं?” ती म्हणाली, “सर, हातात आल्यावर वाचलं.”